मनगटावर नाही

घड्याळ मनगटावर नाही.

तीन शब्द. उंब्रजच्या अलीकडे सेवारस्त्यावर, भाऊसोच्या टपरीसमोर गाडी लावून सन्मतीनं चहाचा पहिला घोट घेतला आणि हातातला फोन थरथरला. दुपारचे दोन वाजून अकरा मिनिटं. घोट तोंडातच राहिला, गरम, आणि तो गिळायचा की थुंकायचा हे ठरवायला त्याला वेळ लागला. ज्या मनगटावर घड्याळ नव्हतं ते मनगट इथून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर होतं. वारणाकाठच्या गावात, माजघरालगतच्या खोलीत, चटईवर. ते त्याच्या वडिलांचं, अण्णांचं होतं. अजितकुमार, वय शहाऐंशी. मूत्रपिंडं निकामी झाल्यावर सांगलीच्या डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा त्यांनी सल्लेखना, अन्नपाणी सोडत मरण स्वीकारायचं जैन व्रत, घेतली होती. आधी धान्य सोडलं, मग दूध, मग ताक, आणि गेले सहा दिवस दिवसातून एकदा ओंजळभर गरम पाणी. सन्मती महिनाभर तिथंच होता. फक्त परवा, कंपनीचं एक काम टळत नव्हतं म्हणून, पुण्याला गेला होता. दोन दिवस. त्या दोन दिवसांत त्यानं फोनवर वडिलांची नाडी किती वेळा पाहिली ते सांगायची त्याला लाज वाटली असती. काल रात्री झोपताना त्रेचाळीस. आज सकाळी एक्केचाळीस. शिरवळला थांबला तेव्हा एकोणचाळीस.

"सायेब, च्या निवला," भाऊसो म्हणाला. "घरनं फोन हाय व्हय?"

"नाही. घड्याळाचा."

"आता घड्याळं बी फोन कराय लागली." भाऊसोनं दुधाचं पातेलं खाली उतरवलं. "आमच्या थोरल्यानं घेतलंय त्येच्या बायकूला. रोज धा हजार पावलं चालाय लावतंय म्हनं. म्हनलं, बाय गं, रानात ये की. पंधरा हजार व्हत्यात, वर भांगलन बी व्हती."

सन्मती हसला. आपण हसलो हे त्याला थोड्या वेळानं कळलं. त्यानं आक्काला, थोरल्या बहिणीला, चंदनाला फोन लावला. वाजला, वाजला, थांबला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर गेला आणि त्या आवाजात फोन वाजतोय की बंद झालाय हेही ऐकू येईना. बॅटरी उतरली असेल का? नाही. आक्का सकाळी आठ ते नऊ, अण्णांना अभिषेकाचं पवित्र पाणी, गंधोदक, लावायच्या वेळेला, घड्याळ काढून चार्जिंगला लावते आणि नऊला परत बांधते. तिनं वेळ कधी चुकवली नव्हती. आणि बॅटरी उतरली तर निरोप वेगळा येतो. हे निरोप कुठल्या वेळी कुठले येतात हे जगात ज्या मोजक्या माणसांना नेमकं माहीत असेल त्यांतला तो एक होता.

पहिल्यांदा आला तो राग. गाडी महामार्गावर आणेपर्यंत त्याला ते नीट उमजलं नव्हतं, पण तो रागच होता, लहान मुलाचा असतो तसा, छातीच्या मधोमध. अण्णांनी घड्याळ काढलं. शब्द दिला होता आणि काढलं. महिन्यापूर्वी अण्णांनी सगळ्यांना समोर बसवून संमती मागितली होती. व्रत घ्यायच्या आधी घरच्यांची मागायची असते तशी, हात जोडून. आक्कानं पदर तोंडाला लावून मान हलवली होती. सन्मतीनं नाही. तो उठून बाहेर गेला, गाडीतून खोकं आणलं आणि म्हणाला, हे हातात घालणार असाल तर माझी ना नाही. अण्णांनी खोकं उलटंपालटं करून पाहिलं होतं. "पट्टा कातड्याचा हाय काय?" एवढंच त्यांनी विचारलं होतं. रबराचा आहे, तो म्हणाला. "आन् ह्ये काय करतंय?" तुमची नाडी मला दिसते, कुठंही असलो तरी. "तुला बघायची हाय व्हय?" हो. "मग बांध." आणि हात पुढं केला होता. हळदीच्या रानात साठ वर्षं घालवलेला हात, नखांच्या कडा कायमच्या पिवळ्या. सन्मतीनं पट्टा बांधला होता आणि काचेखाली हिरवा उजेड लुकलुकायला लागला तेव्हा त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं. आता कऱ्हाडचा पूल ओलांडताना त्याच्या ध्यानात येत होतं की त्या दिवशी घरात एकानंच अट घातली होती. मरणाऱ्या माणसाला अट. आणि तीही अशी की जी पाळायला मरणाऱ्या माणसानं काहीच करायचं नव्हतं, फक्त काही काढायचं नव्हतं. ज्यानं घर, शेत, मीठ, गोड, ताक एकेक करून खाली ठेवलं त्याच्या अंगावर शेवटी उरलेली वस्तू सन्मतीची होती. तरीही राग जात नव्हता. काढायचंच होतं तर मला सांगून काढायचं. परवा निघताना सांगायचं. मी असताना नाही आणि मी गेलो की

की.

वाक्य पुढं गेलं नाही, कारण दुसरी शक्यता त्याच्या शेजारच्या सीटवर येऊन बसली होती. तिचं नाव तो मनातही घेत नव्हता. घड्याळ हातात आहे पण आत मोजण्यासारखं काही उरलं नाही, तरी निरोप हाच येतो. चिपला मेलेलं मनगट आणि रिकामा पट्टा यांतला फरक कळत नाही. कळावा असं कुणी ठरवलंच नव्हतं. आम्ही वैद्यकीय उपकरण विकत नाही, असं पहिल्या पानावर लिहिलेलं होतं. पण मग फोन का उचलत नाहीत? असं झालं असतं तर आधी आक्काच करेल ना. की करणार नाही? सल्लेखनेत रडायचं नसतं, धावपळ करायची नसते. बस्तीत, जैन मंदिरात, निरोप जातो, लोक येतात, णमोकाराचा जप चालू राहतो. मुलाला कळवायचं कुणाच्या तरी मागाहून लक्षात येतं. शेजारच्या जयराजचा नंबर त्याच्याकडं होता. अंगठा त्या नावावर गेला आणि थांबला. जयराज फोन उचलेल, आणि जयराजला काहीही विचारलं तरी तो खरं सांगेल. सन्मतीनं फोन पालथा घातला. बाहेर फेब्रुवारीचं ऊन होतं, दोन्ही बाजूंना तोडलेल्या उसाची रानं, मध्येच एखादं पाचट पेटवलेलं, धूर रस्त्यावर आडवा. धुरात शिरताना दर वेळी त्याचा पाय आपोआप सैल होत होता. पोचायची घाई होती, आणि पोचायचं नव्हतंही. आपण अजून रस्त्यात आहोत तोवर अण्णा तिन्ही प्रकारे आहेत, असं काहीतरी त्याच्या मनात आलं, आणि मग तो स्वतःशीच दचकला. तिन्ही? तिसरा कुठला?

तिसरा त्याला उंब्रजपासून माहीत होता. निरोप वाचला त्याच क्षणी माहीत होता. राग आणि भीती यांना त्यानं पुढं घातलं होतं ते बहुतेक त्यासाठीच.

घड्याळाच्या पोटात, अंगठ्याच्या नखाएवढ्या काळ्या राळेच्या वडीत, एक आख्खा संगणक ओतलेला असतो. स्मृती, गणित, रेडिओ, सगळं एकावर एक रचून, वरून राळ ओतून बंद केलेलं. उघडून दुरुस्त करता येत नाही. उघडलं की मेलं. पुण्याच्या कंपनीत नऊ वर्षं सन्मतीनं त्या वडीतल्या एका कोपऱ्याचं काम केलं होतं. उघड्या डोळ्यांना तो कोपरा दिसतही नाही. हिरवा उजेड कातडीत शिरतो, रक्ताच्या प्रत्येक ठोक्याला थोडा कमी-जास्त होऊन परततो, आणि त्या कोपऱ्यात ठरतं की आलेलं थरथरणं हा ठोका आहे की निव्वळ खळखळ. पहिल्या चिपच्या वेळी कुणीतरी घड्याळ दुधी भोपळ्याला बांधलं होतं आणि भोपळ्याची नाडी बहात्तर दाखवत असलेला व्हिडिओ जगभर फिरला होता. लोक हसले. वरच्या साहेबांना हसू आलं नव्हतं. पुढच्या चिपमध्ये भोपळा मेलेला दिसला पाहिजे, असा हुकूम आला, आणि काम सन्मतीकडं आलं. महिनाभर त्याच्या टेबलावर दुधी, पपई, ओला टॉवेल, पावाची लादी पडून असायची. शेवटी त्यानं एक रेषा शोधली. लाटेची उंची इतक्याखाली आणि कातडीची ऊब इतक्याखाली असेल तर आकडा द्यायचाच नाही. म्हणायचं, मनगटावर नाही. भोपळा मेला. टाळ्या झाल्या. फक्त त्याच्या हाताखालची इंजिनिअर अपेक्षा, चाचणीचे कागद घेऊन, टाळ्या संपल्यावर त्याच्याजवळ आली होती. आठशे माणसांवर घेतलेल्या चाचण्यांतली अकरा या रेषेच्या खाली जातायत, सर. ही अकरा माणसं कोण आहेत? दुपारचे चार वाजले होते, सगळ्यांना कॉफीला जायचं होतं. सन्मती कागद न बघता म्हणाला होता, ती माणसं नाहीत, नॉइज आहे.

पेठ नाक्यावर महामार्ग सोडून डावीकडं वळल्यावर त्यानं गाडी कडुलिंबाखाली घेतली आणि अपेक्षाला फोन लावला. तिनं लगेच उचलला.

"खालची रेषा," तो म्हणाला. "मनगट ओळखण्याची. एखाद्या घड्याळापुरती खाली आणता येईल का? इथून?"

"नाही सर. ती चिपमध्ये आहे, ओतून झालीय. सॉफ्टवेअरमध्ये ठेवूया असं मी म्हटलं होतं."

"मी काय म्हणालो होतो?"

"म्हणाला होतात, मोकळी ठेवली तर उद्या कुणीतरी दया येऊन खाली ओढेल, आणि भोपळे परत जिवंत होतील."

"ते अकरा. कोण होते ते?"

"आता विचारताय सर?" तिच्या आवाजात टोमणा नव्हता, निदान त्याला ऐकू आला नाही. "वय होतं फक्त कागदावर. सगळे ऐंशीच्या पुढचे. एक बाई एक्क्याण्णव वर्षांच्या होत्या, त्यांचे हात फार गार होते, मी दोन्ही हातांत धरून ऊब देऊन परत मोजलं होतं. तरी आलं नाही." मग म्हणाली, "सर, कुणाचं घड्याळ आहे?"

"वडिलांचं."

बारावे, असं तिनं म्हणायला हवं होतं, म्हणजे त्याला तिच्यावर रागावता आलं असतं. "गाडी सावकाश चालवा," एवढंच ती म्हणाली.

आष्ट्यापर्यंत त्याला रस्ता दिसलाच नाही. त्याला दिसत होतं ते पाणी. लहानपणी विहिरीवर आई पाणी गाळायची त्याचं. घागरीच्या तोंडावर दुहेरी जाड फडकं, त्यातून पाणी खाली आणि फडक्यावर काहीच नाही. तो रोज वाकून बघायचा, खरंच काही नसायचं. मग आई ते फडकं उलटं करून, गाळलेल्याच पाण्याच्या एका तांब्यानं धुऊन, ते धुवण विहिरीत सोडायची. वरून ओतायची नाही. दोरीला बांधलेल्या तांब्यातून खाली, पाण्याला टेकेपर्यंत, मग तिरकं. एकदा त्यानं कंटाळून ते धुवण कट्ट्यावरच झटकलं होतं आणि अण्णांनी, ज्यांनी त्याला कधी बोट लावलं नव्हतं, त्याला दिवसभर समोर उभं राहू दिलं नव्हतं. बोललेच नाहीत. संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत जेवायला बसल्यावर म्हणाले, गाळून पानी मिळतंय ते आपलं. फडक्यावर र्‍हातंय ते आपलं न्हाई, त्या बारक्या जिवांचं घर हाय विहीर. ज्येचं त्येला पोचवायचं. काही दिसत नाही तिथं, तो म्हणाला होता. "तुला दिसंना म्हणून नसतंय व्हय?" असं अण्णा म्हणाले होते का? की हे आत्ता, हळद शिजवण्याच्या कढयांची वाफ रस्त्यावर येत असताना, सन्मती स्वतःच त्यांच्या तोंडी घालत होता? नक्की आठवेना. शिक्षण, पुणे, परदेशातल्या दोन वाऱ्या, चाळीस वर्षं यांच्या पलीकडं ते वाक्य असेल किंवा नसेल. धुवण कट्ट्यावर झटकलं होतं ते मात्र नक्की. उन्हात दगडावर पडलेला तो ओला डाग किती लवकर वाळला होता, तेही.

गावात शिरल्यावर त्यानं गाडी बस्तीपाशीच सोडली आणि चालत गेला. दारासमोर चपला होत्या, वीस-पंचवीस जोड, आणि आतून णमो अरिहंताणं येत होतं, बायकांच्या आवाजात, संथ. एवढ्यावरून काहीच कळत नव्हतं. हे महिनाभर असंच होतं. आक्का ओसरीवर आली. डोळे कोरडे. सन्मतीनं तिच्या चेहऱ्यावर वाचायचा प्रयत्न केला आणि त्याला वाचता आलं नाही.

"आलास व्हय. पाय धू."

"अण्णा?"

"हाईत."

तो ओसरीच्या पायरीवर बसला. हाईत. पाय धुवायचे होते ते तसेच राहिले.

"मग घड्याळ कधी काढलं?"

"कुणी काढलंय? हाय की हातात."

"दोन वाजता निरोप आला, आक्का. तीनदा फोन केला मी तुला."

"फोन पेटीत हाईत सगळ्यांचे. काल मुनिमहाराज आलते, खोलीत आवाज नको म्हणाले." ती त्याच्या शेजारी टेकली. "घड्याळ बघितलं त्यांनी. म्हणाले, अजितकुमार, सगळं सोडलंत, ह्ये कुणाचं? अण्णा म्हणाले, पोराचं हाय महाराज, त्येला सुटंना झालंय. मला वाटलं आता काढा म्हणतील. तर म्हणाले, त्याचं त्यालाच सोडू द्या, तुम्ही ओढून काढू नका. तवापास्नं तुझी वाट बघायल्यात. सगळ्यांची क्षमा मागून झाली. तुझीच राहिलीय." मग थोडं खाली बघून, "दुपारी पट्टा रुतायला लागला म्हणून खाली मऊ कापडाची घडी घातली मी. चुकलं काय?"

कापड. सन्मती एकदम उभा राहिला. कापड होतं, मधे कापड होतं, उजेड कातडीपर्यंत गेलाच नाही. इतकं साधं. रेषा नाही, भोपळा नाही, तो नाही. आक्काची एक घडी. पाय धुऊन तो खोलीत शिरला तेव्हा त्याला जवळजवळ आनंद झाला होता. अण्णा उजव्या कुशीवर होते, डोळे मिटलेले, इतके लहान की चटई मोठी दिसत होती. मनगटावर पट्टा ठरेना म्हणून घड्याळ वर, कोपराच्या जवळ चढवलेलं. शेजारच्या बनाबाई, सुलाबाई आणि इतर बायका भिंतीला टेकून जप म्हणत होत्या. त्यांनी जागा करून दिली. सन्मती गुडघ्यांवर बसला. त्यानं पट्टा सैल केला, कापडाची घडी काढली, घड्याळ खाली मनगटाशी आणलं, आतल्या बाजूला, जिथं कातडी पातळ असते तिथं, आणि आपल्या दोन बोटांनी दाबून धरलं. हिरवा उजेड लुकलुकला. शोधत होता. सन्मती काचेकडं बघत राहिला. अण्णांची छाती वर होत होती, खाली होत होती, वर होत होती, त्याच्या डोळ्यांपासून हातभर अंतरावर, आणि तो काचेकडं बघत होता. जप एका बाईकडून दुसरीकडं जात होता. वीस सेकंद. चाळीस. खिशातला फोन थरथरला. बघायची गरज नव्हती. तरी त्यानं पाहिलं.

घड्याळ मनगटावर नाही.

त्यानं पुन्हा दाबलं, जास्त जोरात. कातडीवर बोटांचे पांढरे ठसे उमटले. आपण काय करतोय हे त्याला कळत होतं. आपले हात थांबत नाहीत हेही कळत होतं. तेवढ्यात अण्णांनी डोळे उघडले. ते बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिले, जसं रानातून परतणाऱ्या माणसाला लांबून ओळखावं तसं, आणि त्यांचे ओठ हलले. सन्मतीनं कान जवळ नेला.

"दिसतंय काय तुला?"

महिनाभर ते हेच समजून होते. पोराला दिसतंय. पुण्यात असला तरी दिसतंय. पट्टा रुतला, कातडी सोलली, हात उचलेना झाला तरी पोराला दिसतंय म्हणून. हो म्हणणं सोपं होतं. हो म्हटलं असतं तर अण्णांनी डोळे मिटले असते आणि घड्याळ शेवटपर्यंत तसंच राहिलं असतं, त्यांच्या अंगावर, त्यांच्या व्रतात. सन्मतीच्या घशात हो आलाही होता.

"नाही, अण्णा," तो म्हणाला. "दिसत नाही."

जप चालूच होता. अण्णांच्या चेहऱ्यावर निराशा आली नाही, काहीच आलं नाही, फक्त भुवई किंचित वर गेली, हिशेब सोपा निघाल्यावर जाते तशी.

"मग सोड की."

बक्कल लहान होती आणि त्याच्या बोटांना सापडत नव्हती. सापडली. पट्टा निघाला तेव्हा खाली कातडीवर त्याचाच आकार राहिला होता, फिकट, कडेला थोडं सोललेलं. सन्मतीनं घड्याळ हातात धरलं आणि ते कुठं ठेवायचं ते त्याला सुचेना, म्हणून मागं येऊन उभ्या राहिलेल्या आक्काकडं न बघताच दिलं. अण्णांनी तो हात स्वतःच ओढून घेतला. कुणी मदत करायला पुढं झालं तर त्यांनी बोटानं नको म्हटलं. हात छातीपर्यंत यायला फार वेळ लागला. मग दुसरा त्याला येऊन मिळाला आणि दोन्ही तळवे, नीट नाही, तिरके, एकमेकांना लागले.

"माझं काय चुकलं आसंल तर," अण्णा म्हणाले, श्वास घेऊन, "क्षमा कर, बाळा."

याला उत्तर ठरलेलं असतं. लहानपणापासून दर पर्वाला त्यानं शेकडो वेळा दिलेलं: क्षमा, आणि मलाही क्षमा असावी. पहिला शब्द त्याला जमला. बाकीच्यासाठी त्यानं खाली वाकून कपाळ त्या जोडलेल्या हातांवर टेकवलं. हात गार होते. गार आहेत एवढंच त्याला कळत होतं, आणि बराच वेळ त्यानं दुसरं काही कळून घेतलं नाही.